मावशीच्या हातचं

“स्विमिंग पूलचं राहू द्या हो. घरात स्वयंपाक कोण करतं, ते सांगा आधी.”

कोर्डे बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. अलिबागच्या एका विमा कचेरीचा वरचा मजला होता. दीड वर्षाची सई माझ्या मांडीवर बसून टेबलावरचा स्टेपलर ओढत होती आणि मी अर्धा तास पूलबद्दलच बोलत होते. कुणाचं मूल पडलं तर? झोपाळ्याची कडी निसटली तर? विहिरीवरची जाळी कुणी उचलली तर? मी वहीत यादीच करून आणली होती. लग्नाआधी मी प्रयोगशाळेत नोकरी करायचे, दिसत नाही ते शोधायचं काम. सई झाल्यापासून ती सवय घरभर पसरली होती.

आंबेखारचं ते घर माझ्या सासऱ्यांनी हौसेनं बांधलेलं. ते गेल्यावर निनादनं, माझ्या नवऱ्यानं, ते शनिवार-रविवार पर्यटकांना द्यायला सुरुवात केली होती. त्याचाच विमा उतरवायला आम्ही आलो होतो.

“स्वयंपाक ना? मावशी करतात आमच्या,” निनाद म्हणाला.

“सख्ख्या?”

“सख्ख्यापेक्षा जास्त.” निनाद हसला.

कोर्डे बाई हसल्या नाहीत. “मला साधं उत्तर द्या. पगार घेतात का?”

“छे, छे. घरच्याच आहेत.”

“बघा, पाहुणा पडला-झडला तर पाहुण्यांचं कलम आहे, ते तुम्ही घेताय. कामावरच्या माणसाला काही झालं तर नोकरांचं कलम आहे. ते वेगळं घ्यावं लागतं, फार महाग नाही. पण घरच्या माणसाला यातलं काहीच लागू होत नाही. उद्या त्या बाई भाजल्या, घसरल्या, तर कंपनी एक पैसा देणार नाही.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “बाई, तुम्ही एवढी यादी करून आलात. तुम्ही सांगा. कोण आहेत त्या?”

निनादचा गुडघा टेबलाखाली माझ्या गुडघ्याला लागला.

सईच्या तोंडातून स्टेपलर काढत मी म्हणाले, “मावशीच आहेत.”

“ठीक आहे,” कोर्डे बाई म्हणाल्या आणि ‘कामगार’ या शब्दापुढे त्यांनी शून्य काढलं. “माझं काम विचारायचं होतं. विचारलं.”

जिन्यावरून उतरताना निनाद म्हणाला, “किती चौकशा! स्वतःच्या पोरीचं लग्न ठरवत असल्यासारख्या.” आणि मी हसले. हे मला अजून आठवतं. चांगली मोठ्यांदा हसले.

त्या बाईंचं नाव द्रौपदा म्हात्रे. गावच्याच, वय पन्नासच्या आसपास. सासऱ्यांच्या वेळी बागेला पाणी घालायला येत. पाहुणे यायला लागल्यावर निनादनं त्यांना पगारावर स्वयंपाकाला घेतलं. पहिल्याच महिन्यात त्याच्या लक्षात आलं, की लोकांना नुसतं जेवण नको असतं. जेवणामागे गोष्ट हवी असते. मग त्यानं इंटरनेटवरच्या जाहिरातीत लिहिलं, ‘अस्सल सीकेपी घर. आमच्या मावशीच्या हातचं वालाचं बिरडं, कोलंबीची खिचडी, निनावं.’ खाली द्रौपदाबाईंचा चुलीपुढे बसलेला फोटो. माझ्या सासूबाईंच्या जुन्या वहीतून मीच त्यांना ते पदार्थ शिकवले होते. बिरड्याचे वाल त्या माझ्यापेक्षा झरझर सोलत.

फोटोसाठी निनादनं त्यांना नथ आणून दिली. नेसणंही बदललं. त्या आगरी पद्धतीनं गुडघ्याशी आवळून नेसत. तो म्हणाला, “असं नको, पायघोळ नेसा. आम्हा टिपणिसांच्या घरच्या वाटायला हव्यात.”

“ह्या लुगड्यात मी बुजगावन्यासारखी उभी र्‍हाते, वैनी,” त्या मला म्हणाल्या. “आन् ही नथ! माझे लग्नात पन नव्हती. आता म्हातारपनी नवरी केली मना.”

पाहुण्यांसमोर निनादला ‘दादा’ नाही, ‘निनू’ म्हणायचं, हाही नियम होता. मला ‘सूनबाई’. शनिवारी जेवणं झाली की पाहुणे त्यांना ओटीवर बसवून घेत. “मावशी, निनाद लहानपणी कसा होता हो?”

“निनू ना?” द्रौपदाबाई नथ सावरत म्हणायच्या. “लय हट्टी. जेवाचा नाय. मी मागं मागं ताट घेऊन पलायची.”

सगळे हसायचे. निनादही हसायचा, खुर्चीत रेलून, खरंच आठवत असल्यासारखा. लहानपण त्याचं ठाण्याच्या फ्लॅटमध्ये गेलं होतं.

मला त्या वेळी ते विनोदी वाटायचं.

आणि चूल. खरा स्वयंपाक गॅसवर व्हायचा. चूल होती ती बघायला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, शेगडीपासून चार हातांवर, निनादनं मातीची चूल बसवून घेतली. पाहुणे उठायच्या आत ती पेटलेली असायची आणि तिच्यावर एक रिकामं मडकं. धुरानं सई खोकायची, म्हणून मी तिला घेऊन पुढच्या अंगणात बसायचे. धूर माझ्या वहीत होता. ‘सईला धुरापासून लांब ठेवणे.’ एवढाच.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही तिकडे गेलो नव्हतो, ठाण्याच्या घरीच होतो. सकाळी नऊच्या सुमारास पाहुण्यांपैकी एकाचा फोन आला. तो ओरडत होता, पण घाबरून नाही, चिडून. “तुमच्या किचनमध्ये स्फोट झालाय! माझी मुलगी आत होती!”

“मुलगी कशी आहे?”

“बोट भाजलंय तिचं! करंगळीला फोड आलाय! काय प्रकार आहे हा?”

“बाकी कुणाला...”

“त्या तुमच्या मावशींना नेलंय गाडीतून,” तो म्हणाला. मग क्षणभर थांबून, जरा खालच्या आवाजात, “त्यांनीच तिला बाहेर ढकललं.”

झालं होतं ते असं. द्रौपदाबाईंनी नवा सिलिंडर जोडला, तो कुठूनतरी गळत होता. त्यांना वास आला. त्या चूल विझवायला वळणार, एवढ्यात ती पाच वर्षांची मुलगी घावन मागायला आत आली. त्यांनी आधी तिला दाराबाहेर लोटलं. तेवढ्यात भडका उडाला. मग त्यांनी पेटलेल्या सिलिंडरची चावी दोन्ही हातांनी फिरवून बंद केली. म्हणून घर उभं राहिलं. छताचं आणि एका भिंतीचं नुकसान झालं, भांडी गेली, फ्रिज गेला.

दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

पुढच्या आठवड्यात विमा कंपनीचा माणूस पाहणी करून गेला. त्या मुलीच्या करंगळीचा खर्च मंजूर झाला. तिच्या वडिलांना पत्र गेलं, सोबत दिलगिरीसुद्धा. घराचं मात्र अडलं. गावात कुणीतरी त्या माणसाला सांगितलं होतं, की म्हात्रेबाई तिथे कामाला आहेत, मावशी कसली? आणि गॅसशेजारी पेटती चूल कुणी ठेवली?

विमा एजंट सावळे आमच्या दिवाणखान्यात बसून सांगत होता. पायात मोजे, हातात माझाच चहा. “साहेब, फॉर्मवर कामगार शून्य. आता बाई कामाला होत्या असं निघालं तर तुम्ही खोटी माहिती दिली असं होतं. सगळाच क्लेम जाईल. आणि वर बाईंनी कामगार म्हणून तुमच्यावर दावा लावला तर तो वेगळाच.”

“मग?” निनादनं विचारलं.

“मग काही नाही. बाईंचा एक जबाब घ्यायचा. मी नात्यातली आहे, पगार घेत नाही, चूल मी माझ्या हौसेनं पेटवली होती. दोन ओळी. सही केली की विषय संपला.”

“त्या करतील?”

“मावशी ना तुमच्या?” सावळे बिस्कीट चहात बुडवत म्हणाला. “मावशी भाच्यासाठी एवढं करणार नाही?”

दोघं हसले. मी कप उचलायला वाकले होते. बिस्किटाचा तुकडा चहात पडून विरघळत होता. मी तो कप नेऊन बेसिनमध्ये ओतला आणि परत आले.

निनाद म्हणाला, “तू जा. मी गेलो तर त्यांच्या पोरीला संशय येईल. सईला घेऊन जा. सई दिसली की बाई पाघळतात.”

“निनाद, पण मग त्यांना काहीच मिळणार नाही.”

“आपण आहोत ना! आपण बघूच की त्यांचं. विम्यातून घर उभं राहिलं, पाहुणे सुरू झाले, तरच आपण त्यांचं बघू शकतो. नाहीतर कशातून बघणार? विचार कर.”

मी विचार केला. म्हणजे, मी डबा भरला. मऊ भात, वरण, तूप, भोपळ्याची भाजी. सईला स्वेटर घातला. कागद फाईलमध्ये ठेवला.

दवाखान्यातल्या त्या खोलीत चार खाटा होत्या. मलमाचा गोडसर वास, आणि त्याखाली दुसरा एक वास, पुवाचा. प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाला तो ओळखू येतो. द्रौपदाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. दोन्ही हात पांढऱ्या बँडेजमध्ये, दोन मोठ्या पुरचुंड्यांसारखे, समोर उशीवर ठेवलेले. शेजारी त्यांची मुलगी कविता, माझ्याच वयाची.

“सईबाय आली!” द्रौपदाबाई म्हणाल्या. चेहरा उजळला. “बग कविते, सईबाय आली. ये गो. आज मना तुला घेता नाय येत.”

मी सईला खाटेवर बसवलं. कवितानं माझ्या हातातला डबा घेतला, पण उघडला नाही.

“त्या पोरीचा बोट कसा हाये?” द्रौपदाबाईंनी विचारलं.

“बरं आहे. अगदी बरं आहे.”

“देवानंच राखली. केस तिचे एवढे लांब, वैनी. पेटले असते तं!”

डॉक्टर काय म्हणाले ते कवितानं सांगितलं. उजवा हात सुधारेल. डाव्याची बोटं एकमेकांना चिकटतायत. जखम भरली की आणखी एक ऑपरेशन लागेल, नाहीतर बोटं कायमची मिटून जातील. ते इथे होणार नाही, मुंबईला न्यावं लागेल. “त्याचं काय ते दादांना विचारा,” कविता म्हणाली. “विमा हाये ना घराचा? लोक सांगतात, कामावर झालं तं मिलतं.”

या क्षणाला मी काहीही बोलू शकले असते. खोलीत निनाद नव्हता. सावळे नव्हता. मी होते, आणि मी फाईल उघडली.

“त्यासाठीच हा कागद आहे,” मी म्हणाले.

माझा आवाज छान होता. मी तो ऐकत होते. बालवाडीच्या बाई बोलतात तसा, मऊ आणि स्वच्छ.

कवितानं कागद घेतला. ती नववीपर्यंत शिकलेली होती, पण कागद इंग्रजीत होता. सावळेनं मुद्दाम तसा केला होता. “काय लिवलंय?”

“घराची दुरुस्ती लवकर व्हावी, म्हणून. मावशी घरच्याच आहेत, असं लिहिलंय. म्हणजे कुणी त्रास द्यायला नको.”

“आन् आईच्या ऑपरेशनचं?”

“ते आम्ही बघू. घरचं माणूस म्हटल्यावर आम्ही बघणारच ना.”

कविता माझ्याकडे बघत राहिली. पण द्रौपदाबाई म्हणाल्या, “दे गो तिला. वैनी खोटं कशाला बोलल? पन सही कशी करू मी? हात कुठं हायेत मना?”

मला हेही ठाऊक होतं. सावळेनं सांगून पाठवलं होतं. हात नसले तर पायाचा अंगठा चालतो. पर्समध्ये शाईचा पॅड होता.

मी खाटेच्या पायथ्याशी गेले. चादर बाजूला केली. आयुष्यभर मिठागराच्या खारात चाललेले पाय, टाचांना भेगा, जोडवी काढून ठेवलेली. मी खाली वाकले.

द्रौपदाबाईंनी झटकन पाय ओढून घेतले. “आगं, आगं! पाया कशाला पडतंस, वैनी? तुमी मोठे लोक!”

त्यांना वाटलं, मी नमस्कार करतेय.

त्यांच्या घोट्याला हात लावून मी पाय परत माझ्याकडे घेतला, अंगठ्याला निळी शाई लावली, फाईलवर कागद धरला आणि अंगठा दाबला. एकदा नीट उठला नाही. म्हणून दुसऱ्यांदा दाबला. वरून त्यांचा आवाज येत होता, “सुखी र्‍हा गो. पोर मोठी होवंदे.” दोन्ही हात उशीवर तसेच, आशीर्वादाला उचलता न येणारे.

मग मी ओल्या रुमालानं शाई पुसली. चांगली पुसली, नखाच्या कडेपर्यंत. जखमेजवळ घाण नको, असा काहीतरी विचार मनात होता. जखम हातांना होती.

घराचा क्लेम मंजूर झाला. मार्चपर्यंत स्वयंपाकघर नवं झालं. पाहुणे सुरू झाले. ऑपरेशनचं मी निनादला चार वेळा विचारलं. पहिल्यांदा तो म्हणाला, “सीझन होऊ दे.” दुसऱ्यांदा, “त्यांचा जावई कमावतो ना?” तिसऱ्यांदा, “आपण त्यांना धान्य पाठवतोच की.” चौथ्यांदा त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. मी पाचव्यांदा विचारलं नाही. हे मी त्याच्याबद्दल सांगत नाही, माझ्याबद्दल सांगतेय.

मे महिन्यात जाहिरातीत नवा फोटो आला. दुसऱ्याच एक बाई, तीच नथ, तसंच पायघोळ लुगडं. खाली तेच शब्द, ‘आमच्या मावशीच्या हातचं.’ एका पाहुणीनं लिहिलं होतं, ‘मावशी खूप प्रेमळ! निनादच्या लहानपणीच्या गोष्टी ऐकून पोट धरून हसलो.’ मी मोबाईल पालथा ठेवला. हात साबणानं धुतले. पुन्हा धुतले.

दुसऱ्या दिवशी निनादला न सांगता एसटीनं गेले. द्रौपदाबाईंच्या दारात कविता उभी राहिली, चौकटीला दोन्ही हात लावून.

“मावशींना भेटायचं होतं,” मी म्हणाले.

“तुमची मावशी इथं र्‍हात नाय,” कविता म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “इथं माझी आई र्‍हाते. कंपनीतनं नक्कल आनून कागद वाचून घेतला मी, वैनी. पोलीसपाटलाच्या पोरीनं वाचून दाखवला. एकेक शब्द. हौसेनं चूल पेटवली म्हनं!”

“कविता, मी...”

“पायाचा अंगठा घेतलास तू तिचा. आन् ती अजून लोकांना सांगते, टिपणिसांची सून माझे पाया पडली.”

आतून भांडं सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी विचारलं, “कोन हाये गो?”

“कोन नाय, आई,” कविता म्हणाली. “वाट चुकलेली बाई हाये.” आणि मला म्हणाली, “परत येऊ नको. आलीस तं मी तिला सगलं सांगन. मंग ती तुला शिव्या देल, आन् मना ते बगायचं नाय.”

त्याला आता सहा वर्षं झाली. सई दुसरीत आहे, धाकटा चालायला लागलाय. घर अजून चालतं. मी अजून निनादबरोबर राहते, त्याच्या ताटात वाढते आणि विम्याचं नूतनीकरण दरवर्षी मीच करते. गेल्या वर्षी ‘कामगार’ पुढे मी एक आकडा लिहिला. नव्या बाईंचं नाव लिहिलं, सुगंधा पाटील. निनाद दोन दिवस बोलला नाही. मला त्यात काही थोर वाटलं नाही. मोरी तुंबली की साफ करावी लागते, तेवढंच.

हे मी कुणी मला क्षमा करावी म्हणून लिहीत नाही. एक काम आहे. तुमच्यापैकी कुणी सुट्टीला अलिबागच्या बाजूला जाल. आंबेखारच्या फाट्यावर उतरा. तळ्याच्या कडेनं मिठागराकडे रस्ता जातो, त्यावर उजव्या हाताला कौलारू तिसरं घर. द्रौपदा म्हात्रे म्हणून विचारा. माझं नाव घेऊ नका. वाट चुकलो म्हणा, तहान लागलीय म्हणा. त्या गावात तहानलेल्याला दारातून कुणी परत पाठवत नाही.

त्या पाणी आणतील. तांब्या कुठल्या हातात धरतात, तेवढं बघा. डाव्या हाताची बोटं उघडतात का, बघा. आणि उघडत नसली, तर मला कळवा.